व्हॅम्पायरला उन्हात नेमकं काय होतं? बेळगाव-खानापूरकडची गोष्ट लिहिणाऱ्यांसाठी सगळा हिशेब

व्हॅम्पायरची गोष्ट लिहायला घेतली की पहिली चार पानं भराभर सरतात. जुना वाडा असतो, परगावचा पाहुणा आलेला असतो, गल्लीतली कुत्री रडायला लागतात, सगळं जमून येतं. गाडी अडकते ती सकाळ झाली की. मग वाचक विचारतो, हा परवा संध्याकाळी सहाला खडेबाजारात साड्या बघत उभा होता तेव्हा कसा काय जळला नाही, मे महिन्यात सहाला तर चांगलं लख्ख ऊन असतं की! लेखकाकडं उत्तर नसतं, कारण "उन्हात मरतो" एवढं एकच वाक्य त्यानं कुठल्यातरी सिनेमातनं उचललेलं असतं.

तेवढ्यावर भागत नाही. उन्हातलं नेमकं काय लागतं, किती वेळात लागतं आणि आपल्या गावात ते ऊन कधी, कुठल्या बाजूनं येतं, एवढं आधी वहीत लिहून काढलं की अर्धी गोष्ट तिथंच सुचते. खाली पायऱ्या दिल्यात, क्रमानंच करा असं काही नाही, खरं पहिली आणि दुसरी चुकवू नका.

पायरी १: डोक्यातला सिनेमा आधी बाजूला ठेवा

सूर्य लागला की व्हॅम्पायर संपला, हे पूर्वापार चालत आलंय असं बहुतेकांना वाटतं, पण तसं नाहीये. १८१९ साली इंग्रजीत जी पहिली गाजलेली व्हॅम्पायरकथा छापून आली त्यातला लॉर्डसाहेब उमरावांच्या घरात आरामात ऊठबस करतो, त्याला उन्हाचा काही त्रास नाही, उलट मेल्यावर प्रेतावर चांदणं पडलं की परत जिवंत होतो. १८७२ ची 'कार्मिला' दुपार कलल्याशिवाय खोलीतनं खाली येत नाही, अंगात त्राण नसल्यासारखी असते, तरी घराबाहेर फिरते. आणि १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला काउंट तर लंडनच्या पिकॅडिलीत दिवसाउजेडी लोकांना दिसतो. दिवसा त्याची ताकद कमी होते एवढंच, रूप बदलायचं असेल तर ते सूर्योदयाला, सूर्यास्ताला नाहीतर बरोबर मध्यान्हाला जमतं. त्याला शेवटी मारतात तेसुद्धा सूर्य मावळतीला टेकलेला असताना, सुऱ्यांनी, आणि त्यातला एक सुरा चक्क गुरख्यांची खुकरी आहे! छावणीच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, पुढं कुठंतरी कामाला येईल.

मग ऊन आलं कुठनं? १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटातनं. त्या लोकांनी ड्रॅक्युलाचे हक्क न घेताच सिनेमा काढला, नावं बदलली, आणि शेवट असा केला की नायिका त्याला कोंबडा आरवेपर्यंत थांबवून ठेवते आणि सकाळच्या पहिल्या किरणात तो विरून जातो. ड्रॅक्युलाच्या लेखकाच्या विधवा बायकोनं केस घातली, कोर्टानं प्रिंटा नष्ट करायला सांगितल्या, तरी काही वाचल्या आणि तो शेवट जगभर पसरला. १९५८ च्या ब्रिटिश रंगीत ड्रॅक्युलात पडदा खाली ओढून ऊन आत घेतात आणि त्याची राख होते. आज आपण जे डोळे झाकून लिहितो ते सगळं तिथनं आलंय. मधे १९३१ च्या अमेरिकन ड्रॅक्युलात बघा, तिथं तो छातीत खुंटा ठोकून मरतो, ऊनबिन काही नाही. पुढं २००५ साली 'ट्वायलाइट' कादंबरीत तो उन्हात हिऱ्यासारखा चमकायला लागला. लोक त्याच्यावर हसतात, मला तो निर्णय वाईट वाटत नाही, कारण तिथं ऊन मारत नाही, उघडं पाडतं, आणि म्हणून ती मंडळी ढगाळ गावात राहतात. नियम आणि गाव एकमेकाला धरून आहेत. आपल्याला नेमकं तेच करायचंय.

म्हणजे शंभर वर्षांपलीकडं हा नियम नव्हताच. तुम्ही तो घ्या, सोडा, अर्धाच घ्या, कुणी अडवणार नाही, फक्त गोष्टीच्या मध्यावर बदलू नका.

पायरी २: उन्हातलं काय लागतं ते ठरवा

इथं वेळ घालवा, हीच पायरी महत्त्वाची. ढोबळ चार पर्याय आहेत.

पहिला, प्रकाशच लागतो, नुसता उजेड. हा घेतला तर लगेच प्रश्न येतो की ट्यूबलाइट का लागत नाही आणि चांदणं का लागत नाही, कारण चांदणं म्हणजे चंद्रावरनं परतलेलं ऊनच. याचं उत्तर आकड्यात आहे. पौर्णिमेचा उजेड भर उन्हाच्या साधारण चार लाखाव्या भागाएवढा असतो, म्हणजे तास दीड तास चांदण्यात बसला तरी सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागाएवढं ऊन अंगावर घेतल्यासारखं. जरा खाज येईल म्हणा. पौर्णिमेला तो अस्वस्थ, अमावस्येला मोकळा, एवढं वापरलंत तरी वाचक खूश होतो, त्यातनं आपल्याकडं अमावस्येची भीती आधीच तयार आहे, ती फुकटात मिळते.

दुसरा, अतिनील किरण, म्हणजे यूव्ही. अलीकडच्या सायन्सवाल्या गोष्टी हाच घेतात आणि मलाही हाच आवडतो कारण यात गंमतीशीर पळवाटा भरपूर. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरकं येतं, हवेचा जाड थर पार करावा लागतो, त्यात यूव्ही बराचसा गळून जातो, म्हणजे असला व्हॅम्पायर संध्याकाळी साडेसहाला तांबूस उन्हात उभा राहून चहा पिऊ शकतो आणि गावाला वाटतं हा काही तसला नव्हे. उलट दुपारी तो झाडाच्या सावलीत उभा राहिला तरी सुटत नाही, कारण निळं आभाळच यूव्ही चारी बाजूंनी पसरवत असतं. छत्री उघडली तरी तेच, थोडं वाचतं, पूर्ण नाही. पातळ ढगातनं यूव्ही बऱ्यापैकी खाली येतो, तेव्हा नुसतं आभाळ भरलंय म्हणून बाहेर पडला तर फसेल.

काचेचं वेगळंच. साध्या खिडकीची काच यूव्हीचा जास्त भाजणारा भाग अडवते, दुसरा भाग बराचसा आत सोडते. गाडीची पुढची काच दोन काचांमधे प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, ती जवळपास सगळाच अडवते. म्हणजे लाल बसमधे ड्रायव्हरशेजारी बसलेला व्हॅम्पायर ठीक, आणि खिडकीशी बसलेला हळूहळू भाजतोय. कंडक्टर म्हणतोय, "मागं जागा हाय की, तिकडं बसा," आणि हा काही उठेना. हा सीन मी कुणालातरी लिहायला देऊन टाकतो, घ्या.

आणखी एक, यूव्ही सूर्यातच असतो असं थोडंच आहे? उद्यमबागेत रात्रपाळीला वेल्डिंग चाललेलं असतं, त्या ठिणगीत यूव्ही इतका असतो की उघड्या डोळ्यानं बघितलं तर माणसाचे डोळे रात्रभर वाळू गेल्यासारखे चुरचुरतात. घरातल्या काही पाण्याच्या फिल्टरमधेही यूव्हीची नळी असते. एलईडी बल्बमधे मात्र जवळजवळ नसतो, उगाच टॉर्च मारून व्हॅम्पायर जाळू नका, वाचक हसतात. वेल्डर हा असल्या गोष्टीचा हिरो का होत नाही मला कळत नाही, काळी काच तोंडावर, हातात सूर्य, अजून काय पाहिजे?

तिसरा पर्याय उष्णता. हा घेऊच नका. चुलीपुढं बसला की काय होतं, तापात काय होतं, उत्तरं देत बसाल.

चौथा, शाप. किरणाशी संबंधच नाही, सूर्य क्षितिजाच्या वर आहे की खाली एवढंच. तळघरात असला, पोत्यात गुंडाळला असला तरी सूर्य उगवला की तो निपचित. जुन्या धाटणीच्या गोष्टीला हा फार शोभतो आणि यात टायमिंगला किंमत येते. पण मग तो दिवसा काही करूच शकत नाही, अर्धी पात्रं दिवसभर मोकळी, त्यांना कामाला लावायची तयारी पाहिजे.

पायरी ३: किती लागतं आणि किती वेळात

नुसतं "जळतो" लिहू नका. मरगळ, डोळे न उघडणं, कातडी लाल होणं, फोड, धूर, आग, राख, अशी एक चढण असते आणि तुमचा व्हॅम्पायर कुठल्या मिनिटाला कुठल्या टप्प्यावर जातो हे वहीत लिहून ठेवा. क्लायमॅक्सला त्याला तीन मिनिटं बोलायचं असेल तर दहा सेकंदात राख होणारा व्हॅम्पायर उपयोगाचा नाही. जुना असेल तर लवकर जळेल का उशिरा, हे दोन्ही बाजूनं लिहून झालंय, तुम्ही एक धरा. भाजलेलं रात्रीत भरून येतं का, रक्त पिल्यावरच येतं, का व्रण राहतो? व्रण राहू दे. गालावर नाण्याएवढा जुना डाग असलेला माणूस पहिल्या पानावर दाखवा आणि शंभराव्या पानावर त्याचं कारण सांगा.

रोगाचं लॉजिक लावणारेही असतात, पोर्फायरिया नावाच्या आजारात काही जणांना उन्हात फोड येतात म्हणून. ते खरंय, पण त्या पेशंटला रक्ताची तहानबिहान काही लागत नाही, उगाच आजारी माणसाला भूत ठरवल्यासारखं होतं. टाळा.

पायरी ४: घड्याळ आपलं लावा, लंडनचं नव्हे

परदेशी गोष्टीत संध्याकाळ लांबलचक असते, सूर्य गेल्यावर तासभर निळसर उजेड, तेवढ्यात सगळे पळापळ करतात. आपल्याकडं तसं नसतं. बेळगाव साधारण पावणेसोळा अंश उत्तरेला आहे, इथं सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, बिंब टेकल्यापासनं बुडेपर्यंत सव्वादोन मिनिटं, आणि मग वीसेक मिनिटात दिवा लावायची वेळ. तुमचा व्हॅम्पायर इथं लवकर सुटतो आणि तुमचे लोक तेवढ्याच लवकर अडकतात.

शापवाला पर्याय घेतला असेल तर आणखी एक बारकी गोष्ट. हवेमुळं किरण वाकतात, त्यामुळं सूर्य क्षितिजाला टेकलेला आपल्याला दिसतो तेव्हा तो खरं तर खाली गेलेलाच असतो. मग शाप कशावर चालतो, दिसण्यावर का असण्यावर? राजहंसगडावर उभ्या असलेल्या पोराला सूर्य दिसतोय आणि व्हॅम्पायर डोळे उघडतोय, अशी दोन मिनिटं तुम्हाला मिळतात.

आता वेळा. जूनअखेरीला सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि सात वाजून पाचेक मिनिटांनी मावळतो, म्हणजे रात्र अकरा तासांपेक्षा कमी. डिसेंबरात सातला पाच कमी असताना उगवतो आणि सहा वाजून पाचला गेलेला असतो, रात्र पावणेतेरा तासाची. सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, सहाच्या आत. सगळ्यात उशिरा उगवतो जानेवारीत, सातच्या पुढं. भिंतीवरच्या कॅलेंडरात बऱ्याचदा मुंबईच्या वेळा असतात, त्या उचलू नका, जूनमधे सूर्यास्तात तेरा-एक मिनिटांचा फरक पडतो आणि तेरा मिनिटांत तुमचं अख्खं पात्र राख होईल. रात्रीच्या बसनं त्याला मुंबईला पाठवणार असाल तर नऊला निघालेली गाडी सकाळी सहाला कुठं असेल ते आधी बघा. डिसेंबरात पाठवा, परवडतं.

आणि मध्यान्ह बाराला नसतो. घड्याळ देशाचं आहे, ते बऱ्याच पूर्वेकडच्या रेषेवरनं लावलंय, आपल्याकडं सूर्य डोक्यावर येतो सरासरी साडेबाराच्या पुढं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबारा, फेब्रुवारीत पावणेएक. ड्रॅक्युलासारखा बरोबर मध्यान्हाला रूप बदलणारा घेतलात तर बाराचा भोंगा वाजल्यावर सगळे हुश्श करतात आणि तो अर्ध्या तासानं येतो. भारी आहे हे, कुणी लिहिलेलं मी तरी वाचलं नाही.

पायरी ५: घर, गल्ली, पाऊस

इथं युरोपातनं उचललेला आणखी एक समज मोडायला पाहिजे: उत्तरेच्या खोलीत ऊन येत नाही. तिकडं मध्यान्हाचं नाही येत. आपल्याकडं मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठी उभी केली तर सावली पडत नाही, आणि तिथनं पुढं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला कललेला असतो. जून-जुलै ढगात जातो म्हणून आपल्याला जाणवत नाही, मे महिना मात्र कोरडा असतो. वर्षभर उत्तरेच्या खोलीत निवांत राहिलेला व्हॅम्पायर मेच्या मध्यावर दुपारी खिडकीच्या चौकटीत ऊन बघतो. अगदी एवढंसं, दोन बोटं, पण आत आलेलं.

खानापूरकडच्या कौलारू घरात तर याहून भारी हत्यार आहे, काचेचं कौल. स्वयंपाकघरात उजेड यावा म्हणून छपरात एक कौल काचेचं बसवतात. खाली काळोख, भिंती धुरानं काळ्या, आणि वरनं एक पट्टा खाली आलेला, त्यात चुलीचा धूर फिरताना दिसतो. तो कवडसा जमिनीवर सरकतो. छप्पर चारेक मीटर उंच धरलं तर दुपारच्या सुमाराला तासाला साधारण एक मीटर, म्हणजे मिनिटाला पावणेदोन सेंटिमीटर. पाय बांधून भिंतीशी टाकलेल्या व्हॅम्पायरला तो कवडसा उखळावरनं निघून मांडणीच्या पायाशी, तिथनं पाटावर, तिथनं आपल्या अंगठ्याकडं येताना दिसतोय. आज्जी शेजारी बसून तांदूळ निवडत्येय. घाई नाही तिला. असला सीन लिहायला आगबिग काही लागत नाही. जुन्या कौलावर शेवाळ धरलेलं असतं, उजेड हिरवट पडतो, तोही लिहा.

उजेडवाला किंवा यूव्हीवाला नियम असेल तर आरसाही चालतो. पोरं शाळेत आरशाच्या तुकड्यानं एकमेकांच्या तोंडावर कवडसे मारतात, आख्ख्या वर्गाकडं तसले तुकडे असले तर काय होईल बघा. शापवाल्याला मात्र आरसा लागू नाही.

पावसाळा म्हणजे त्याची सुट्टी. जुलैत कणकुंबी-जांबोटीकडं दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, चोर्ला घाटात दुपारी गाड्यांचे दिवे लागलेले असतात. जाड काळे ढग आणि वर दाट जंगल, यूव्हीवालासुद्धा तिथं निभावून नेईल. म्हणून माझा सल्ला, गोष्ट जूनमधे सुरू करा, गणपतीपर्यंत त्याला राज्य करू दे, आणि मग एखाद्या सकाळी अचानक उघडीप द्या. निपाणी-चिक्कोडीकडं पाऊस कमी, तिथं एवढी सवलत मिळणार नाही, तंबाखूच्या शेतात सावलीपण नाही.

वटवाघळाचं थोडक्यात. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांमधे रॉटनचं वटवाघूळ आहे, फार दुर्मीळ, आणि ते किडे खातं. रक्त पिणारी वटवाघळं फक्त अमेरिका खंडात, तीनच जाती. तेव्हा त्या गुहा व्हॅम्पायरच्या घराला वापरा हवं तर, पण बिचाऱ्या वटवाघळांना बदनाम करू नका, आधीच कमी आहेत.

पायरी ६: आपल्या भुतांना विचारा

आपल्याकडं भुताची वेळ फक्त रात्रीची नसते. टळटळीत दुपार, बाराचा ठोका, गल्ली सामसूम, ही पण त्यांचीच. मुंजा दुपारी पिंपळावर असतोच. त्यामुळं इथं वाढलेलं पात्र "ऊन आहे, आता भीती नाही" असं म्हणणारच नाही. एक नमुना:

"आज्जी, खेळायला जाऊ? ऊन आहे आता, तो नाही येत."

"कुणी सांगितलं रे तुला?"

"सिनेमात दाखवलंय."

"सिनेमातलं तिकडलं हाय. दुपारचं पिंपळाखालनं जाऊ नको, मी सांगतो ते ऐक. भाकरी खा आन झोप जा."

आता आज्जीचं बरोबर का पोराचं, हे तुमच्या नियमानं ठरेल, आणि दोघंही अर्धे बरोबर निघाले तर सगळ्यात उत्तम: व्हॅम्पायर घरात पडून आहे आणि पिंपळावरचा मोकळा. दोघांचं आपसात पटत नाही असं दाखवायचं असेल तर ती वेगळीच गोष्ट होईल, लिहा की.

पायरी ७: वाचक काय विचारणार ते आधीच विचारा

राख झाली तर कपड्यांचं काय? अंगठी उरते का? बुरखा, हेल्मेट, सनस्क्रीन चालतं का? फोनवर सूर्याचा व्हिडिओ बघितला तर? (काही होत नाही, तो नुसता स्क्रीनचा उजेड.) प्रत्येकाला एका ओळीचं उत्तर वहीत असू दे, गोष्टीत सगळी घालायची गरज नाही.

आणि ग्रहण. हा प्रश्न येतोच, कारण ग्रहणात दिवसा अंधार, मग तो बाहेर पडणार ना? २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी झालेलं बऱ्याच जणांना आठवत असेल, केरळच्या बाजूला कंकणाकृती होतं आणि आपल्याकडं खंडग्रास. सूर्याचा मोठा भाग झाकला गेला, तरी अंधार काही झाला नाही, ऊन जरा फिकट झालं एवढंच. खंडग्रासात उजेडवाला जळणार, यूव्हीवाला भाजणार, शापवाला तर झोपलेलाच, सूर्य वर आहे ना. चालेल ते फक्त खग्रास, आणि ते पृथ्वीवर कुठंही साडेसात मिनिटांच्या वर टिकत नाही. तेवढ्यात त्याला कॅम्पातनं शहापूरला पोचवायचं असेल तर रिक्षा आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, ग्रहण लागल्यावर बाहेर पडणारा रिक्षावाला मिळायचा नाही, आणि मिळाला तर मीटरवर यायचा नाही.